विहीर विकून बोअर?

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेला महिनाभर एकच विषय चालू आहे. उमरेड रोडला तीन एकर. 'शहरापासून फक्त ४५ मिनिटं, बोअर मारलेली, तारेचं कुंपण, सातबारा क्लिअर.' सगळ्या भावंडांनी मिळून घ्यायची, त्यावर दोन खोल्या काढायच्या, सोलर बसवायचं आणि उद्या काही झालं तर सगळ्यांनी तिकडे जाऊन राहायचं. 'काही झालं तर' म्हणजे नेमकं काय झालं तर, हे कोणी सांगत नाही. युद्ध, करोनासारखं काहीतरी, पाण्याची बोंब, दंगल... ज्याच्या मनात जे असेल ते. पैसे कुठून आणायचे? तर महालातलं जुनं घर विकून!

धाकटे भाऊजी याला 'फॅमिली इन्शुरन्स' म्हणतात. पुण्याचा भाचा (आयटीत आहे, अंगणात तुळससुद्धा नाही) याला 'होमस्टेडिंग' म्हणतो आणि रोज अमेरिकेतले व्हिडिओ पाठवतो. दाढीवाला माणूस लाकडं फोडतोय, बायको बरण्या भरतेय, मागे बर्फ पडतोय. मी ग्रुपवर दोनदा 'नको' लिहिलं. त्यावर अंगठे आले आणि गाडी पुढे निघून गेली. म्हणून आता इथे सविस्तर लिहिते आहे. नेहमीच्या वाचकांनाही उपयोग व्हावा, कारण नागपुरात जिथे जावं तिथे हेच ऐकू येतं. वर्धा रोड म्हणू नका, काटोल रोड म्हणू नका, सगळीकडे 'फार्महाउस प्लॉट'चे फलक लागले आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नागपूर जिल्हा शेती करून राहायला चांगला आहे. संकटाच्या दिवशी पळून जायला मात्र अजिबात चांगला नाही. जमीन राहणाऱ्याला सांभाळते. शनिवारी जाऊन कुलूप उघडणाऱ्याला नाही.

'ही शहरातली बाई, हिला शेतीचं काय कळतं' असं कोणी म्हणायच्या आत सांगते, माझं माहेर काटोल तालुक्यातलं. संत्र्याच्या बागेत वाढले. मृग बहार, आंबिया बहार, झाडांना ताण कधी द्यायचा, फळगळ झाली की घरात कशी शांतता पसरते, हे सगळं पाहिलेलं आहे. शेतीवर माझं प्रेम आहे, म्हणूनच तिला कोणी विम्याची पॉलिसी म्हणालं की मला राग येतो.

आधी त्या होमस्टेडिंगचं बघू. अमेरिकेत १८६२ साली, लिंकनच्या काळात, होमस्टेड कायदा झाला. सरकार १६० एकर जमीन जवळजवळ फुकट द्यायचं (ती तिथल्या मूळ रहिवाशांच्या हातून गेलेली जमीन होती, पण तो वेगळा विषय). अट मोठी होती. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. म्हणजे भाचा ज्यांचं नाव घेतो त्यांच्याही कायद्यात वीकेंडची सोय नव्हती! आपल्याकडे तर 'कसेल त्याची जमीन' म्हणतात. 'कुंपण घालेल त्याची' असं मी तरी कुठे ऐकलं नाही.

आता संकटांकडे येऊ. कल्पनेतली नको, आपण भोगलेली घेऊ. गेल्या काही वर्षांत नागपूरनं चार मोठी संकटं पाहिली. प्रत्येक वेळी ते तीन एकर आपल्याकडे असते तर काय झालं असतं, एवढंच तपासू.

पहिलं, २०१९ ची पाणीटंचाई. तोतलाडोह धरण तळाला गेलं. पेंच नदीवर वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यामुळे येणारं पाणी आधीच कमी, त्यात पावसानं ओढ दिली. जुलैमध्ये महापालिकेनं शहराला एक दिवसाआड पाणी दिलं. जुलैत! एरवी छत्र्या वाळत घालायच्या महिन्यात आपण बादल्या मोजत होतो. पण त्याच वर्षी काटोल-नरखेडकडे काय चाललं होतं? बागा उभ्या वाळत होत्या. ज्यांना परवडलं त्यांनी टँकरनं झाडं जगवली, ज्यांना नाही त्यांनी कुऱ्हाड लावली. शहराचा नळ निदान एक दिवसाआड आला, तिकडच्या कितीतरी बोअरमधून नुसती हवा आली. दुष्काळ शेतात आधी पोचतो आणि शहरात सगळ्यात शेवटी. त्याच्यापासून पळून शेतात जायचं म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात.

दुसरं, करोना. मार्च-एप्रिल २०२० आठवा. राज्यात ठिकठिकाणी गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकून रस्ते बंद केले. बाहेरच्याला प्रवेश नाही. जिल्ह्याच्या सीमा बंद, पोलिसांच्या पासशिवाय हलता येत नाही. गावांचं काही चुकलं नाही. त्यांच्याकडे ना डॉक्टर, ना ऑक्सिजन, मग करतील काय? पण मला सांगा, त्या काट्यांच्या अलीकडे उभं राहून तुम्ही 'माझा इथे प्लॉट आहे' म्हणाला असता, तर गावानं तुम्हाला आतलं मानलं असतं की बाहेरचं? ज्या दिवसासाठी जागा घेतली, त्याच दिवशी फाटक बंद! आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये खाटांसाठी जी धावाधाव झाली, तेव्हा खेड्यातली माणसं मेडिकल आणि मेयोकडे येत होती. शहरातला एकही आजारी माणूस खेड्याकडे निघाला नव्हता.

तिसरं, २०२३ चा पूर. २२ सप्टेंबरची रात्र संपून २३ उजाडायच्या आत, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, मोरभवन, सगळीकडे पाणी. लोक झोपेत होते. वरच्या मजल्यावरच्यांनी खालच्यांना हात धरून वर ओढलं, मग सकाळी बोटी आल्या. रात्री तीन वाजता गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उमरेड रोडचा काय उपयोग? त्याला जिना हवा होता आणि जिन्यावर दार उघडणारा शेजारी.

चौथं, मार्च २०२५ ची संचारबंदी. १७ तारखेला महालात पेटलं आणि अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. काही भागांत जवळपास आठवडाभर ती होती. सासूबाई महालातच राहतात, एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या बीपीच्या गोळ्या दुसऱ्याच दिवशी संपल्या. त्या आणून दिल्या मागच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांनी, सवलतीच्या वेळात, न सांगता. चाळीस वर्षांची ओळख आहे. तीन एकरांना ही ओळख यायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब भाऊजींनी करून सांगावा.

चारही वेळा कामाला काय आलं? साठवलेलं पाणी, घरातली औषधं, वरचा मजला, जवळचं हॉस्पिटल आणि शेजार. यातलं एकही उमरेड रोडला विकत मिळत नाही.

'ते सगळं खरं, पण शेवटी जमीन ती जमीन,' असं काका म्हणणारच. ठीक आहे. नुसती जमीन म्हणूनही पाहू. जिल्ह्यात १४ तालुके आहेत आणि जाहिरातीत सगळे सारखेच हिरवे दिसतात. प्रत्यक्षात नागपूर शहर दोन खडकांच्या सांध्यावर बसलं आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. म्हणून पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, नरखेडकडे कापूस आणि संत्रा, आणि पूर्वेला मौदा, रामटेककडे धान. (मातीचा अभ्यास करणारी देशाची मुख्य संस्थाच नागपुरात, अमरावती रोडवर आहे. लिंबूवर्गीय फळांची आहे, कापसाची आहे. घरात मात्र जमिनीचा सल्ला ब्रोकर देतो!)

बेसॉल्टमध्ये पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये. भेग लागली तर बोअर, नाही तर पैसे मातीत. शेजाऱ्यानं आणखी खोल बोअर मारली की तुमची आटू शकते, आणि तुम्ही मारली की त्याची. संत्र्याच्या पट्ट्यात नेमकं हेच झालं. विहिरींच्या जागी बोअर आल्या, त्या खोल खोल जात गेल्या आणि शेवटी भाऊ भावाच्या बोअरकडे संशयानं बघू लागला. आता त्याच गावात शहरातले वीस जण येऊन लॉनसाठी वीस बोअर मारणार. ते लॉनला पाणी देणार आणि शेजारच्या बाईची तूर वाळणार. संकटाच्या दिवशी त्या बाईनं आपल्याला भाकरी द्यावी अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

मातीचंही तसंच. काळी माती पिकाला सोनं आहे, बांधकामाला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाया नीट नसेल तर भिंती चिरतात. आणि पांदण! मार्चमध्ये प्लॉट बघायला गेलात तेव्हा कार थेट बांधापर्यंत गेली ना? आता ऑगस्टमध्ये जाऊन बघा. ट्रॅक्टर फसतो. सासूबाईंना रात्री छातीत दुखलं तर अ‍ॅम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावर उभी राहील आणि आपण त्यांना चिखलातून खाटेवर नेऊ.

दिशांची गोष्ट अशी. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत शिरला. अमरावती रोडला स्फोटकांचे कारखाने. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावजवळच्या कारखान्यातल्या स्फोटात ९ कामगार गेले, जून २०२४ मध्ये धामण्याला पुन्हा स्फोट. दक्षिणेला हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसी. पूर्वेला आपल्याच शहराचं सांडपाणी पोटात घेऊन वाहणारी नाग नदी. ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. आपण ज्या घाणीपासून पळणार, ती आपल्या आधीच तिथे पोचलेली आहे! आणि ज्या उमरेड रोडचे फोटो रोज येतात, तिकडे उमरेडला कोळशाच्या उघड्या खाणी आणि पुढे कऱ्हांडल्याचं अभयारण्य. जंगलाच्या कडेच्या शेतात रानडुक्कर आणि रोही काय करतात, ते एकदा तिथे रात्रभर जागून बघा. तारेचं कुंपण त्यांना शोभेचं वाटतं. अनेकांनी भुईमूग पेरणं सोडलं, ज्वारी सोडली, ती काय हौस म्हणून?

हे वाचून जिल्हाच वाईट आहे असं समजू नका. रामटेककडे अजून मालगुजारी तलाव आहेत. धानाला आणि मासोळीला आधार देणारी, पिढ्यांपूर्वी हातांनी बांधलेली व्यवस्था आहे ती. भिवापूरची मिरची आहे. काटोल-नरखेडची संत्री आहेत. पाऊस वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो, मराठवाड्यातल्या माणसाला हेवा वाटेल असा. इथे माणूस राहू शकतो, पिकवू शकतो. पण राहिला तर.

जरा हिशेब मांडू. चार माणसांच्या घराला माणशी महिन्याला दहा किलो धरलं तर वर्षाला पावणेपाच-पाच क्विंटल धान्य लागतं. कोरडवाहूत सगळं नीट झालं तर एकरी चार-पाच क्विंटल ज्वारी येईल. म्हणजे कागदावर दीड एकरात धान्य, उरलेल्यात तूर आणि भाजी. छान! आता पुढचा हिशेब. पेरणी कोण करणार? डवरणी-निंदणी कोण करणार? कापणीला कोण येणार? रात्री जागलीला कोण? भाऊजींची पाठ, ह्यांचा गुडघा आणि भाच्याचा लॅपटॉप. मजूर लावू म्हणाल, तर मग संकटात मजूर कुठून येणार? तो त्याच्या घरच्यांचं बघेल की तुमचं? आणि लोणच्याची बरणी भरायला कोण बसणार, हे तर सांगायलाच नको. व्हिडिओतली ती बायको आपल्या घरात कोण, हे ग्रुपवरच्या एकाही पुरुषानं विचारलेलं नाही :-)

कायद्याचंही बघा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. विदर्भासाठी १९५८ चा कूळकायदा आहे. आमच्यापैकी मोजक्यांच्या नावानं सातबारा आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. २०२३ साली प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं, नंतरही त्यात सवलती येत राहिल्या. शेतघर बांधायलासुद्धा किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर जमीन लागते. म्हणून पाच-दहा गुंठ्यांचे 'फार्महाउस प्लॉट' विकणारा माणूस सामायिक हिस्सा, नोटरी, सोसायटीचं पत्र अशा शब्दांत बोलू लागला की चहा न पिता उठावं. शिवाय जुन्या नोंदीत 'झुडपी जंगल' आहे का, ते बघावं. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच मानली आहे. भोगवटादार वर्ग २ आहे का, पांदण नकाशावर आहे का, बोअरची नोंद आहे का... 'सातबारा क्लिअर' या दोन शब्दांत यातलं काहीच येत नाही. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) स्वतः जाऊन विचारायला अर्धा दिवस लागतो. ग्रुपवर महिना गेला, तो अर्धा दिवस कोणाला मिळालेला नाही.

स्वावलंबनाचे खरे प्रयोग बघायचे तर अमेरिकेत जायला नको. नागपूरहून दीड तासावर पवनार आहे. १९५० साली विनोबांनी तिथे कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशावर अवलंबून राहायचं नाही, आपलं अन्न आपण पिकवायचं. बैलसुद्धा न वापरता कुदळ-फावड्यानं शेती, विहिरीचा रहाट माणसांनीच फिरवायचा. तरुण माणसांचा गट होता, रोजचे कष्ट होते, आणि तिथेच राहायचं होतं. आणि पुढे काय झालं? विनोबा पवनारहून पायी निघाले आणि १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं. स्वावलंबनाचा ज्यांनी इतक्या टोकाचा अभ्यास केला, ते शेवटी जमीन मागायला निघाले, ती सुद्धा दुसऱ्यांसाठी. त्यांनी कुंपण वाढवलं नाही. तिकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. खडकाळ माळ, सोबत गावानं टाकलेली कुष्ठरोगी माणसं, आणि सुरुवातीच्या कामांतलं मोठं काम विहीर खणायचं. ज्यांना खरोखर पळायला दुसरी जागा नव्हती, त्यांनी एकमेकांना धरून जागा केली. तारेच्या आत बसून स्वावलंबी झालेलं कुटुंब मला आपल्या विदर्भाच्या इतिहासात सापडत नाही.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ती गोष्ट. महालातल्या ज्या घराला विकायला काढलंय, त्याच्या मागच्या अंगणात विहीर आहे! दगडी बांधणीची, बारमाही. गेली पंधरा-वीस वर्षं उपसा नाही. वर जाळी टाकून त्यावर जुनी कुलरची टाकी ठेवली आहे. ती विहीर विकायची आणि त्या पैशात बोअर घ्यायची. वा रे इन्शुरन्स!

तिचं पाणी आज पिण्याजोगं नसेल. जुन्या वस्तीत गटारांचं पाणी झिरपतं, तपासल्याशिवाय प्यायचं नाही. पण धुणं, भांडी, संडास, कुलर, झाडं? घरातलं बहुतेक पाणी यातच जातं. आणि पिण्यासाठी पावसाचं पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ९३ हजार लिटर. त्यातलं बरंच वाया गेलं असं धरा. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरले, तर पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना दहा हजार लिटर पुरतात. दहा हजार लिटरची एक टाकी! पहिला पाऊस सोडून द्यायचा, पाणी गाळून भरायचं, झाकण घट्ट ठेवायचं, उकळून प्यायचं. तीन एकर लागत नाहीत याला.

तेव्हा माझा ठराव असा:

१. महालातलं घर विकायचं नाही. विहिरीचा गाळ काढायचा, पाणी तपासून घ्यायचं, हातानं उपसायची सोय ठेवायची. वीज नसेल त्या दिवशी मोटर काय कामाची?

२. गच्चीचं पाणी टाकीत, टाकी भरली की उरलेलं विहिरीजवळ शोषखड्ड्यात.

३. घरात महिन्याचं धान्य, डाळ, तेल आणि मीठ. आजीच्या काळात वर्षाचं भरत होते, तेव्हा त्याला कोणी 'प्रेपिंग' म्हणत नव्हतं. प्रत्येकाची औषधं निदान पंधरा दिवसांची जास्तीची. कागदपत्रं वरच्या मजल्यावर.

४. उन्हाळ्यासाठी एक खोली थंड. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ वर गेला होता. (मे २०२४ मध्ये ५६ दाखवला तो सेन्सरचा बिघाड, हवामान खात्यानंच सांगितलं. पण तो मेसेज अजून ग्रुपवर फिरतो.) वाळ्याचे ताटवे, चुन्याची गच्ची, कांदा-ताक. टिनाच्या शेडमध्ये दुपारचे दोन वाजले की काय होतं, ते फार्महाउसवाल्यांना विचारा.

५. गल्लीतल्या दहा घरांचे नंबर एका कागदावर. म्हातारी माणसं कुठे, डायलिसिसवर कोण, शिडी कोणाकडे, वरची खोली कोणाची रिकामी. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात, नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण १९५७ पासून नागपुरात, एनडीआरएफची अकादमी नागपुरात. देशभरातली माणसं इथे येऊन आग विझवायला आणि पुरात उतरायला शिकतात. आणि आपल्याला आपल्या इमारतीचा मेन स्विच कुठे आहे ते माहीत नाही!

६. ज्याला खरंच शेती करायची आहे त्यानं करावी. मनापासून सांगते. पण आधी एक वर्ष भाड्यानं त्या गावात राहावं. एक पावसाळा आणि एक मे महिना काढावा. ग्रामसभेला जावं, तिथल्या शाळेत, लग्नात, मयतीत दिसावं. वर्षानंतरही हौस टिकली तर घ्यावी जमीन, मी स्वतः येईन पेरणीला. माझ्या माहेरच्या गावात अर्ध्या घरांना कुलुपं आहेत. गावाला राहणारी माणसं हवीच आहेत. फाटकाची किल्ली खिशात घालून येणारी मात्र पुरे झाली.

यावर भाऊजी म्हणतील, "वहिनी, तुम्ही तर सगळ्यालेच खोडा घालून राहिल्या." घालते आहे. तीन एकरांचा भाव चढला नाही तर पैसे जातील, त्याचं मला एवढं वाटत नाही. पण ते घर गेलं तर सासूबाईंची गल्ली जाईल, न सांगता गोळ्या आणून देणारी माणसं जातील. आणि त्या वयात त्या कुठल्याशा टॉवरच्या सातव्या मजल्यावर आमच्या कुणाकुणाकडे आळीपाळीनं राहतील. मग खरंच काही झालं, तर तीन एकर आहेत आणि पोचायला रस्ता नाही, विहीर होती आणि आता ती दुसऱ्याच्या पार्किंगखाली आहे, अशी आपली स्थिती असेल. याला मी सुरक्षितता म्हणणार नाही.

घराच्या कागदावर ह्यांची सही लागते. ह्यांनी हे सगळं काल रात्री वाचलं. चष्मा काढून फक्त एवढंच म्हणाले, "गाळ काढायला माणसं कोणती सांगायची?" तर माणसं सांगून झाली आहेत. रविवारी सकाळी आठ वाजता येतील. तर्री-पोहे माझ्याकडे. ज्यांना भांडायचं आहे त्यांनी जरूर यावं, पण येताना जुने कपडे घालून यावं. बादल्या ओढायला हात कमी आहेत.